भयानक रस आणि आम्ही

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लावून दिला आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. अशा गावात राहून मराठी साहित्य शिकवणाऱ्या दांपत्याने फावल्या वेळी ज्ञानेश्वरी उघडावी, निदान नाट्यगीते तरी ऐकावीत, अशी लोकांची रास्त अपेक्षा असते. आम्ही दोघे मात्र भुताचे चित्रपट पाहतो. नुसते पाहून थांबत नाही, तर त्यांची परीक्षणे लिहून महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात लावतो. प्राध्यापक-कक्षात ‘सध्या कोणते भूत?’ अशी आमची विचारपूस होते. तिचे आम्हांस आता काही वाटत नाही.

हे व्यसन जडले ते शाळकरी वयात. गणेशोत्सवात भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (1984) पाहिला आणि त्यातील सामरी पुढे कितीतरी रात्री आमच्या उशाशी येऊन बसला. 1993 साली दूरचित्रवाणीवर ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हा आमच्यापैकी एकीने तो चादरीच्या छिद्रातून पाहिला आणि दुसऱ्याने मोठ्या भावाच्या पाठीमागून. तोवर आमची एकमेकांशी ओळख नव्हती, पण भीती सामाईक होती. पुढे सार्वजनिक वाचनालयातून नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी हाती आले आणि भूत न दाखवताही भिवविता येते, हा शोध लागला. मराठीत एम. ए. करताना अभ्यासक्रमात या दोघांना जागा नव्हती, म्हणून त्यांच्याविषयी आम्ही वसतिगृहाच्या खानावळीत बोलत असू. आमच्या विवाहात धारपांचा वाटा मोठा आहे.

अभ्यासक्रमाने एक उपकार मात्र केला. भरतमुनींशी गाठ घालून दिली. नाट्यशास्त्राने सांगितलेल्या आठ रसांत भयानक हा एक. त्याचा वर्ण काळा आणि देवता काळ. भेसूर आवाज, पिशाचदर्शन, घुबडे, कोल्हे, अरण्य आणि ओसाड घर ही त्याची कारणे. यादी वाचताना वाटते, मुनींनी रामसे बंधूंचे सारे चित्रपट आधीच पाहून ठेवले असावेत. याहून मार्मिक गोष्ट अशी की, भयानकाला भरतमुनी मूळ चार रसांत धरत नाहीत. तो बीभत्सातून उपजतो असे ते म्हणतात. आमच्या परीक्षणांची मोजपट्टी आम्ही या सूत्रातूनच घडवली. बीभत्सापाशीच थांबतो तो चित्रपट कच्चा आणि बीभत्स ओलांडून भयापर्यंत नेतो तो पक्का. रामसेंची कुजकी मढी बहुधा पहिल्या पायरीवर राहतात. राम गोपाल वर्मांच्या ‘रात’मध्ये (1992) रेवती रिकाम्या रस्त्यांवरून चालते आणि ओसाड घराची जागा अख्खे गाव घेते. त्यांच्याच ‘भूत’ने (2003) गाणी वगळली, वाडा वगळला आणि मुंबईतील उंच इमारतीतल्या सदनिकेत भय आणून बसवले. कुलूप लावून सुरक्षित झालो असे मानणाऱ्या मध्यमवर्गाच्या घरातच ते शिरले. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (2018) गर्भासारख्या लालभडक गुहेत हस्तर आहे खरा, पण भिववितो तो सोन्याच्या नाण्यांसाठी पुनःपुन्हा तिथे उतरणारा आणि अखेर लेकरालाही तीच वाट शिकवणारा बाप. हा चित्रपट 2024 साली पुन्हा झळकला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. आम्हीही पुन्हा लिहिले.

आमच्या या छंदावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची माहिती विद्यार्थ्यांना देण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, भूत नसते असे तुम्ही इथे सांगता. मग भित्तिपत्रकात त्याचे कौतुक कशाला?” आम्ही आस्वादाचे तत्त्वज्ञान सांगितले. रंगमंचावरचा वाघ पाहून प्रेक्षक पळत नाही, इत्यादी. उत्तर शास्त्रशुद्ध होते. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, यावरूनच ते पटले नसल्याचे कळले.

खरे उत्तर मिळाले ते 2017 साली आणि तेही आमच्या चुकीतून. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ त्या जुलैत प्रदर्शित झाला आणि आम्ही अकोल्यास जाऊन पाहिला. पूजा सावंत यांची गर्भवती नेहा, उषा नाईक यांची तुळसाबाई आणि चहूबाजूंनी उसाचे रान. आमचा मुलुख सोयाबीन-तुरीचा, पण मार्गशीर्षात पुरुषभर उंच झालेल्या तुरीतून जो एकटा गेला आहे, त्याला ते रान परके वाटणार नाही. काळोखाचा आधार न घेता भरदिवसा भिवविणारा असा मराठी चित्रपट आम्ही पाहिला नव्हता. परतताना पातूरच्या घाटात बसमध्ये आम्ही दोघेही गप्प होतो.

परीक्षण मात्र आम्ही विद्वत्तेने लिहिले. पूर्वार्धातील भय अस्सल, उत्तरार्धात स्त्रीभ्रूणहत्येचा विषय उघड होताच रसभंग होतो आणि चित्रपट प्रबोधनाच्या वाटेला लागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. भित्तिपत्रक लागल्यावर दोन दिवसांनी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी विभागात आली. वर्गात कधी न बोलणारी. दाराशीच उभी राहून म्हणाली, “मॅडम, तुमाले पयल्या भागात भीती वाटली म्हने. मले तं दुसऱ्याच भागात वाटली. भुतं नाईत आमच्या घरी, पन बोलनं तेच असते.”

आणखी काही न बोलता ती गेली. तिच्या घरी कोणाविषयी काय बोलले जाते, हे आम्ही विचारले नाही. त्या वेळी धीर झाला नाही आणि पुढे तिने महाविद्यालय सोडले. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा 1994 सालचा. त्यानंतरही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 2001 साली 913 होती, ती 2011 साली 894 वर आली. हे आकडे आम्हांस परीक्षण लिहितानाही ठाऊक होते. निबंधस्पर्धेसाठी आम्हीच ते मुलांना सांगितले होते. परीक्षणात ते आठवले नाहीत, कारण आम्ही रस तपासत होतो.

ज्याला आम्ही रसभंग म्हटले होते, तिथेच तिच्यासाठी रस सुरू झाला होता. आम्ही पडद्यावरच्या भुताला भ्यालो, कारण उरलेले सारे आमच्या घरात घडत नव्हते. सुरक्षित माणसाचे भय आणि धोक्यात असलेल्या माणसाचे भय यांना आम्ही एकाच मापाने मोजले आणि माप अर्थातच आमच्या हातचे होते.

परीक्षण आम्ही काढून टाकले नाही. त्याच्याशेजारी दुसरा कागद लावला आणि पहिला का चुकला ते लिहिले. तो कागद तिने वाचला की नाही, आम्हांस कळले नाही.

तेव्हापासून मोजपट्टीत एक प्रश्न वाढला आहे. या चित्रपटात नेमके कोण कोणाला भिते? पुष्कळ चित्रपट या प्रश्नापुढे टिकत नाहीत. त्यांतील भूत बहुधा स्त्री असते, तिच्यावर अन्याय झालेला असतो आणि शेवटी पेटवले जाते तिलाच. अन्याय करणारे सुखरूप घरी जातात. असा चित्रपट भीती निर्माण करीत असला तरी भोंद्याचेच काम करतो, हे आम्ही आता मागच्या बाकावरच्या मुलास सांगू शकतो. भूत नसते. भीती असते आणि तिला कारण असते. चांगला भयपट बोट ठेवतो ते त्या कारणावर.

असो. आम्ही अजूनही दिवा मालवूनच भयपट पाहतो. मध्येच वीज गेली तर एकमेकांचा हात धरतो, याची कबुली देण्यास संकोच वाटत नाही. मात्र परीक्षण लिहायला बसलो की दाराशी उभी राहिलेली ती मुलगी आठवते आणि पहिले वाक्य लिहिण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो.