स्वप्नातले वादक

आमच्या निपाणीत सॅक्सोफोन म्हटला की डोळ्यांपुढे वरातच उभी राहते. तंबाखूच्या वखारींवरून रात्री अकराला निघालेली, घोड्यापुढे बँड आणि बँडात हत्तीच्या सोंडेप्रमाणे वळलेले ते पितळी वाद्य! अंग पितळेचे असले तरी त्याच्या मुखाशी बोरूची पातळ पट्टी असते. म्हणून जाणकार त्याची गणना क्लॅरिनेटच्या कुळात करतात. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसला त्याचे पेटंट घेतले, तेव्हा आपले अपत्य निपाणीच्या नवरदेवांची सेवा करील हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल.

माझे मामा तीस वर्षे असल्याच एका पथकात सॅक्सोफोन वाजवीत असत. गतवर्षी त्यांचे पुढचे दोन दात पडले. दातांचा आधार गेला की मुखनळी ठरत नाही, वारा बाजूने निसटतो. कवळी बसवून पाहिली, तर तीच तालावर हलू लागली! दिवाळीनंतर त्यांनी वाद्य माझ्या स्वाधीन केले. तीस वर्षांतील त्यांचे एकही वादन कोणी ध्वनिमुद्रित केलेले नाही. जे होते ते रस्त्यांनी ऐकले.

प्रथम चित्रपटगीते जशीच्या तशी घोटली. पथकातील कानडी मंडळी 'उसिरू, उसिरू' म्हणून श्वासाची आठवण देत. मग एके दिवशी ताईच्या मोबाइलवर चार्ली पार्कर ऐकला आणि मला आपल्या मनचे वाजवावेसे वाटू लागले. मामांना हा प्रकार नवा नव्हता. गोव्याच्या वादकांनी जॅझ मुंबईच्या चित्रपटांत केव्हाच आणला होता. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट तर १९५१ च्या 'अलबेला'त पडद्यावरही दिसतात.

जॅझमधील ब्लूज ही तशी साधी बंदिश आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचे आवर्तन. आपला तंबोरा अखेरपर्यंत षड्ज सोडीत नाही. तेथे मात्र पाचव्या खंडाला पायाच मध्यमावर सरकतो, नवव्याला पंचमावर, आणि मग घरी परततो. या चालत्या जमिनीवर उभे राहून वादकाने स्वतःचे काही बोलायचे! मी तोंड उघडले की जे निघे ते कोणाचे तरी उसने असे.

याच सुमारास ती विचित्र स्वप्ने पडू लागली. पार्कर पंधरा-सोळा वर्षांचा असताना कॅन्सस सिटीच्या मैफलीत गडबडला, तेव्हा ढोलवादक जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली होती. माझेही वय तेवढेच. स्वप्नात पार्कर आमच्या पथकाचा लाल कोट घालून उभा असतो. बाह्या कोपरापर्यंत आखूड. झांज पडते, पण वाजत नाही; तंबाखूच्या पानासारखी अलगद खाली येते. तो ती मला देतो आणि घोड्याची विचारपूस करतो, तीही चक्क कानडीत!

दुसरे स्वप्न कुमार गंधर्वांचे. ते आमच्याच जिल्ह्यातील सुळेभावीचे. जन्म १९२४ चा. वखारीतील तराजूवर ते माझे श्वास एकेक करून तोलतात; लांब श्वास परत करतात आणि आखूड तेवढे आपल्यापाशी ठेवून घेतात.

हे ऐकून वर्गमित्र हसले. मामा हसले नाहीत. क्षयाने कुमारजींचे एक फुप्फुस निकामी केले, देवासला काही वर्षे गाणे बंद राहिले, आणि पुन्हा गायले ते छोट्या श्वासांत, मधल्या जागा मोकळ्या सोडून. हे त्यांनीच मला सांगितले. सांगताना त्यांचा हात नकळत ओठांवर गेला.

आता रोज सायंकाळी मामा ओट्यावर बसून एक ओळ गातात, दात नसल्याने 'स' थोडा फुसफुसतो, आणि चार मात्रा माझ्यासाठी सोडतात. परवा त्या चार मात्रांत मी कोमल गांधारावरून शुद्ध गांधाराच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन खाली उतरलो. मामा थांबले.

"हे कुणाचं रे?"

"ठाऊक नाही, मामा."

त्यांनी ती जागा स्वतःच्या गळ्यावर दोनदा घेऊन पाहिली. मग बोट वर करून म्हणाले, "वाजीव की पुढचं."