उभी गाडी

आमच्या गावात उभं राहण्याला मान आहे. देव उभा, आणि आषाढीत त्याच्या दर्शनाला माणसं दिवसदिवसभर रांगेत उभी. गाडीला मात्र हे उभं राहणं मानवत नाही. पंढरपुरातल्या आमच्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी उभी असते आणि गेल्या मे महिन्यात तिची बॅटरी पार उतरली. ‘किल्ली फिरवली की नुसती टक्‌टक्‌ करतीय,’ असं अण्णा फोनवर म्हणाले. या टक्‌टकीचा अर्थ सरळ असतो. सेल्फच्या रिलेला पुरेल एवढा जीव बॅटरीत आहे, इंजिन फिरवायला लागणारा नाही. रिले ओढण्यापुरता करंट मिळतो, मोटर दीडशे-दोनशे अँपिअर मागते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, पुन्हा ओढला जातो. तोच आवाज.

अण्णांना यात अन्याय वाटत होता. गाडीकडे त्यांचं दुर्लक्ष नव्हतं. काचबिंदूमुळे त्यांना बाजूचं दिसणं कमी झालंय. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून दर रविवारी अंघोळ झाली की ते शेडमध्ये जातात, गाडी पुसतात, चालू करतात, पाच मिनिटं तशीच ठेवतात आणि बंद करतात. हा नेम त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. मग बॅटरी उतरलीच कशी?

मी शनिवारी पुण्याहून गेलो. कराड नाक्याकडचा ओळखीचा बॅटरीवाला त्याची बॅटरी आणि केबल घेऊन आला. त्यानं मीटर लावला तर ११.४ व्होल्ट. आपली बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली आणि विश्रांतीत असेल तर १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.४ म्हणजे काही उरलेलंच नाही. तो म्हणाला, ‘अण्णा, गाडी फिरवायची असती. न्हाईतर इकून टाका की.’ माझ्या बहिणीचंही वर्षभर हेच म्हणणं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फडकं पिळलं आणि आत गेले.

बॅटरीवाल्यानं केबल लावल्या त्या अगदी क्रमानं. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून दूर उडालेली बरी. बॅटरीवाल्यानं कारण सांगितलं नाही, पण हात बरोबर चालले. गाडी एका झटक्यात चालू झाली. शेजारचे काका धक्का मारायला बाह्या सरसावून आले होते, त्यांचा जरा हिरमोड झाला. तसंही नव्या गाड्यांना धक्क्याचा फार उपयोग नाही. पेट्रोलचा पंप आणि आतला कॉम्प्युटर यांना जागं व्हायलाच बॅटरी लागते, ती पार मेलेली असेल तर अख्खी आळी ढकलायला लावा.

पण रविवारच्या नेमाचं कोडं सुटेना. सगळे सांगतात त्याप्रमाणे पाच मिनिटं गाडी चालू करून बंद केली तर सेल्फ जेवढं खातो तेवढंही परत मिळत नाही. मी हिशेब करून पाहिला, तर तसं दिसेना. सेल्फ दोन सेकंद दीडशे अँपिअर ओढतो, म्हणजे जेमतेम ०.०८ अँपिअर-तास. उभ्या गाडीत अल्टरनेटरनं बॅटरीला पाचच अँपिअर दिले तरी एवढं एका मिनिटात भरून निघतं. चोर दुसरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कुलूपबंद करून अर्धा तास सोडून दिली, म्हणजे आतली सगळी यंत्रं झोपी जातील. मग मायनसच्या तारेत मल्टिमीटर घातला. (असं करताना किल्लीला हात लावू नये, मीटरचा फ्यूज जातो.) ३२ मिलिअँपिअर. यात बिघाड काही नाही, आजच्या गाड्या एवढं घेतातच. घड्याळ चालतं, रिमोटची हाक ऐकायला एक कान उघडा असतो, चोरीची राखण चालते, कॉम्प्युटरला आपली आठवण टिकवायची असते. आकडा छोटा, पण चोवीस तासांचा. आठवड्याला जवळपास साडेपाच अँपिअर-तास. त्यातले अण्णांचे पाच मिनिटांचे फार तर अर्धा परत येणार. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. मी गुढीपाडव्याला आलो होतो तेव्हा गाडी सोलापूरपर्यंत नेऊन आणली होती. तिथून मोजलं तर बरोबर सात आठवडे. शिवाय उन्हाळा. पत्र्याखाली बॅटरी स्वतःहूनही लवकर झिजते. आणि रिकामी राहिली की शिशाच्या पाट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, ते कडक झाले की पुन्हा विरघळत नाहीत.

म्हणजे ती बंद गाडी बंद नव्हतीच. आमच्या कामात हे रोजचं आहे. कुणी न वापरता चालू ठेवलेल्या सर्व्हरचं महिन्याला बिल येतं. महिन्यातून एक आठवडा मीही फोन उशाशी घेऊन झोपतो आणि बहुतेक रात्री तो वाजत नाही. न वाजलेल्या रात्रीचीही झोप पुरी होत नाही, हे कंपनीला पटवणं अवघड असतं.

अण्णांना मी सोपा उपाय सांगितला. दहा नंबरचा पाना घ्यायचा, मायनसचं टर्मिनल काढून ठेवायचं, खर्च बंद. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतात, एवढंच. ते म्हणाले, ‘आणि अडीनडीला लागली तर? रात्री अंधारात पाना शोधत बसू?’

याला मी उत्तर दिलं नाही, कारण एप्रिल २०२१ मला आठवत होता. १७ तारखेला आमच्याकडे विधानसभेची पोटनिवडणूक झाली. दुसरी लाट गावात शिरली होती, बेड मिळत नव्हते. एका रात्री दीड वाजता शेजारच्या काकूंना मागच्या सीटवर आडवं करून अण्णांनी गाडी सोलापूरला नेली होती. सत्तर किलोमीटर, काचा उघड्या, काका पुढे. काकू वाचल्या. तेव्हा अण्णा चालवत होते. आता चालवू शकत नाहीत, पण किल्ली फिरवली की गाडी चालू होते ही खात्री त्यांना हवी आहे. चालवणारा कुणीही मिळेल, असं ते म्हणतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एसटीचा संप चिघळला, कार्तिकीला लोक मिळेल त्या वाहनानं आले. उच्च न्यायालयानं २२ एप्रिलपर्यंत कामावर या म्हटल्यावर हळूहळू गाड्या निघाल्या, पण पाच-साडेपाच महिने आगारात उभी असलेली बस कालच्यासारखी थोडीच निघते? बॅटरी, टायर, रबराचे पाइप, सगळं बघायला लागतं. उभ्या गाडीचा खर्च चालत्या गाडीइतका डोळ्यांत भरत नाही, म्हणून तो कुणी धरत नाही.

बॅटरी दुकानात रात्रभर सावकाश चार्ज केली. दोन दिवस ठेवून मोजली तर १२.१. साडेतीन वर्षांची होती, गेली. जुनी परत देऊन नवी बसवली. सतत लावून ठेवायचा छोटा चार्जरही मिळतो, पण शेडमध्ये प्लग नाही आणि आईला उघड्यावर वायर नको. मग उरलं ते बॅटरीवाल्याचंच, गाडी फिरवायची. आठवड्यातून एकदा, तासभर, रस्त्यावर.

कोण फिरवणार? आईनं परस्पर सोडवलं. शेजारच्या काकूंची सून ड्रायव्हिंगचा क्लास करून बसली होती. लायसन्स होतं, घरात गाडी नव्हती, हात बसत नव्हता. आईनं तिला रविवारी बोलावलं. किल्ली देताना अण्णांनी तिला क्लच कसा सोडायचा हे दहा मिनिटं सांगितलं, आणि किल्ली तोवर हातातच धरून ठेवली. मी शेडच्या खांबाला टेकून उभा होतो. शेवटी आईच म्हणाली, ‘अहो, द्या की आता.’ ते डावीकडच्या सीटवर बसले. त्या सीटवर मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पट्टा कुठून ओढायचा हे त्यांना चटकन सापडेना.

आता दर रविवारी दोघं मंगळवेढ्यापर्यंत जाऊन येतात, पन्नासेक किलोमीटर. ती म्हणते, अण्णा फार बोलतात. अण्णा म्हणतात, ती तिसऱ्या गिअरवर फार रेंगाळते. मल्टिमीटर मी तिथंच ठेवला आहे. सोमवारी सकाळी गाडी थंड असताना ते मोजतात आणि मला नुसता आकडा पाठवतात. १२.५. १२.६. एकदा १२.४ आला तेव्हा फोनच आला.

आषाढीच्या आधी त्यांनी विचारलं, वारीत रस्ते बंद, आठ-दहा दिवस गाडी शेडबाहेर निघणार नाही, मग काय? मी हिशेब सांगितला. दहा दिवसांचे पावणेआठ अँपिअर-तास, पाव बॅटरीपेक्षा कमी. चालेल.

‘चालेल ते कळलं,’ अण्णा म्हणाले, ‘तू येणार हाईस का?’

गाड्या गावात सोडत नाहीत, तर एसटीनं येतो म्हणालो.