सल्ल्याचे पैसे कोण देतं?

नीटचा निकाल लागला की आमच्या भागातल्या काही घरांत पेढे वाटले जातात आणि बाकीच्या घरांत फोन वाजू लागतात. ‘तुमच्या मुलाचा स्कोअर कळला, काळजी करू नका, परदेशात एमबीबीएसची सीट आहे,’ असं पलीकडून कुणीतरी गोड आवाजात सांगतं. नंबर कुठून मिळाला, हे कुणी विचारत नाही. चार दिवसांनी एखाद्या हॉटेलात सेमिनार असतो, चहा-बिस्किटं असतात, ‘स्पॉट अ‍ॅडमिशन’ असते. तिथून बाहेर पडलेले पालक घरी जाण्याआधी कधीकधी माझ्याकडे येतात.

परदेशी विद्यापीठात पदवीला जाऊ पाहणाऱ्या मुलांना सल्ला देणं हा माझा व्यवसाय. नांदेडला भाग्यनगरात छोटं ऑफिस आहे, आठवड्यातून एकदोनदा लातूरला औसा रोडवर बसतो. आधी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचो. जुने विद्यार्थी ‘सर, जरा अर्ज बघून द्या’ म्हणत येऊ लागले आणि बघता बघता हेच काम मागे लागलं. मुंबई-पुण्याच्या इंटरनॅशनल शाळांत या कामाला पगारी माणूस असतो, तो नववीपासून मुलांच्या पाठीशी असतो. आमच्याकडे मूल नववीत असताना घरचे लोक क्लासची फी आणि मेसचा दर विचारत हिंडत असतात.

यात वावगं काही नाही. परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नने मराठवाड्याला डॉक्टर आणि इंजिनिअर दिले. ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी तो जोडला जातो, तिथले एकेकाळचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच. जग वाचणारी माणसं इथं होती. पण पुढे क्लासेसच्या बोर्डांवर फोटो आणि मार्क एवढंच उरलं. मुलाला ‘किती पडले?’ याखेरीज कुणी काही विचारीनासं झालं. त्यामुळे नीटमध्ये कमी पडले की घराला दुसरा रस्ताच दिसत नाही, आणि मग परदेशाची आठवण होते.

मुखेड तालुक्यातले एक शेतकरी मुलाला घेऊन आले होते. मुलगा एक वर्ष ड्रॉप घेऊन रिपीटर बॅचला बसलेला, तरी सरकारी कॉलेजच्या आसपासही पोचलेला नव्हता. वडिलांच्या हातात चकचकीत माहितीपत्रक, त्यावर बर्फातली इमारत. सहा वर्षांचे बत्तीस लाख, मेसमध्ये महाराष्ट्रीय जेवण, शनिवारपर्यंत दोन लाख भरले तर सीट पक्की. माझ्या फीचा आकडा ऐकून ते म्हणाले, “सर, ते लोक तर फुकट करून द्यायलेत. तुम्ही फी कशाची घ्यायलेत?”

हा प्रश्न मला दरवर्षी येतो. उत्तर सरळ आहे. ते फुकट काम करत नाहीत, मुलामागे त्यांना रक्कम मिळते, आणि ती मिळते तुमचं मूल तिथं गेलं तरच. ‘जाऊ नका’ म्हणण्याचे पैसे त्यांना कुणी देत नाही. मी तुमच्याकडून घेतो, म्हणून ‘नको’ म्हणायला मोकळा आहे.

मग त्याच माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांना प्रश्न लिहून दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने परदेशातून शिकून येणाऱ्यांसाठी नियम काढले, त्यातूनच हे प्रश्न येतात. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आहे का? त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत होते का? शिकवणं पूर्ण इंग्रजीत आहे का? त्या पदवीवर त्याच देशात तिथल्या माणसांसारखी प्रॅक्टिस करण्याची नोंदणी मिळते का? यातल्या एकाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर इथं परतल्यावर ती पदवी भिंतीवर लावण्यापुरतीच. सगळी ‘हो’ आली तरी पुढे एफएमजीई ही चाळणी परीक्षा आहे : ३०० प्रश्न, पास व्हायला १५०. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत कित्येकदा बसलेल्या पाचांतला एखादाच पास होतो. त्यानंतर भारतात पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. कुठल्या परदेशी संस्थेची किती मुलं बसली आणि किती पास झाली, याचे तक्ते परीक्षा घेणारं मंडळ स्वतःच प्रसिद्ध करतं. सेमिनारमध्ये तो तक्ता कधी पडद्यावर आलेला मी पाहिला नाही.

त्या गृहस्थांनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पहिला प्रश्न विचारला. पलीकडून उत्तर आलं, “दादा, तुम्ही आधी सीट बुक करा, मग सगळं सांगतो.” दुसरा प्रश्न विचारण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. मुलगा इतका वेळ खाली मान घालून बसला होता. आता तो म्हणाला, “पप्पा, मला दवाखान्यात काम करायचंय. डॉक्टरच व्हायचं असं नाही.” बापलेकात ही गोष्ट पहिल्यांदाच निघाली असावी. तो पुढे बी.एस्सी. नर्सिंगला गेला.

परदेशात शिकलेले सगळेच फसतात असं नाही. रशियात शिकून आलेली लोहा तालुक्यातली एक मुलगी दुसऱ्या प्रयत्नात एफएमजीई पास झाली. तिसऱ्या वर्षापासूनच ती भारतातली पुस्तकं तिथं वाचत होती, आणि रशियन इतकी शिकली होती की वॉर्डात रुग्णाशी बोलता यायचं. वर्गात इंग्रजी असलं तरी पोट कुठं दुखतंय हे तिथली म्हातारी इंग्रजीत सांगत नाही. एजंट हे सांगत नाही, परतलेली मुलं सांगतात. म्हणून कुणी जायचंच ठरवलं, तर मी आधी त्यांची गाठ परतलेल्या मुलांशी घालून देतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा या धंद्याचा दुसरा चेहरा दिसला. नांदेड-लातूरच्या गावागावांतली मुलं तिथं अडकली होती. ज्यांना मी कधी भेटलोही नव्हतो ते पालक रात्री-अपरात्री फोन करत, कारण ज्यांनी पाठवलं त्यांचे फोन लागत नव्हते. पोलंडच्या सीमेवर जाऊ द्यायचं की रुमानियाच्या, हे मुखेडच्या आणि चाकूरच्या ओसरीवर बसून कोण ठरवणार? ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांनी मुलं घरी आली. मग ऑनलाइन तास, दुसऱ्या देशात बदलीची परवानगी, कोर्टकचेऱ्या यांत वर्षं गेली. युद्ध कुणाच्या हातचं नव्हतं. पण संकटात फोन कोण उचलणार, हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारता येतो.

पैशांची गोष्ट आमच्याकडे जमिनीपासून सुरू होते. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. पालक अभिमानाने सातबारा पुढे करतात, दहा एकर, विहीर, सोयाबीन. बँकेतला माणूस तो कागद हळूच परत सरकवतो. कर्ज थकलं तर तारण थेट जप्त करण्याचा अधिकार बँकांना देणारा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठीची ही तरतूद त्याच्या मुलाच्या कर्जाच्या आड येते. शहरात एक एन.ए. प्लॉट असलेला कारकून इथं दहा एकरवाल्याला भारी पडतो. दुसरी गंमत उत्पन्नाच्या दाखल्याची. शिष्यवृत्तीसाठी तहसीलचा दाखला जमेल तितका कमी आकड्याचा काढलेला असतो. व्हिसाच्या वेळी त्याच बापाला ऐपत दाखवायची असते. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लावून आणणारे पालक मी पाहिलेत. मी पहिल्याच भेटीत सांगतो : आकडा एकच ठेवा, तो खरा ठेवा, मग कुठं अर्ज करायचा ते पाहू.

जर्मनीचं वेड अलीकडचं. तिथं सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, हे खरं. पण आपल्या बारावीवर थेट पहिल्या वर्षाला प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असावं लागतं, किंवा इथं पदवीचं एक वर्ष यशस्वी केलेलं असावं लागतं, नाहीतर तिथं वर्षभराचा पूर्वतयारीचा कोर्स. वर राहण्या-खाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून ठेवायचे. म्हणून इंजिनिअरिंगच्या मुलांना मी सांगतो, नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकीसारख्या ठिकाणी चार वर्षं नीट शिका, जर्मन शिका आणि एम.एस.ला जा. ऐकणारे कमी, कारण शेजारचा मुलगा आत्ताच गेलेला असतो.

लातूरची एक मुलगी मात्र माझ्याकडे निकाल लागल्यावर आली नव्हती. ती अकरावीत असतानाच आली. वडील आडत दुकानात मुनीम, औशाकडे थोडी जमीन. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं, संख्याशास्त्र शिकायचं होतं, आणि अमेरिकेतली काही विद्यापीठं परदेशी मुलांनाही गरजेप्रमाणे मदत देतात हे तिने स्वतः शोधून काढलं होतं.

कागदांनीच तिचा जीव खाल्ला. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, अर्जात तिसराच. तिन्ही एकाच मुलीचे आहेत हे पटवून द्यायला प्रतिज्ञापत्र. शिफारसपत्र मागायला गेली तर एका ठिकाणी उत्तर मिळालं, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तिकडच्या प्रवेश समितीला शिक्षकाच्या नजरेतून मूल बघायचं असतं, हे आमच्याकडे कुणाला सांगितलेलंच नसतं. आणि ऐंशी-शंभर मुलांच्या बॅचमध्ये शिक्षकाने कुणाकुणाला ओळखावं? शेवटी रसायनशास्त्राच्या सरांना आठवलं, की उत्तरसूचीतली चूक हिनेच दाखवली होती आणि ती बरोबर निघाली होती. त्यांनी तेवढंच लिहिलं. ते पुरेसं होतं.

अर्जासोबत ६५० शब्दांपर्यंतचा निबंध लागतो. तिने पहिला आणला त्यात डॉ. कलाम होते, स्वप्नं होती, देशसेवा होती. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती आणि ती स्वतः कुठंच नव्हती. मी निबंध बाजूला ठेवला आणि विचारलं, “२०१६ साली तुमच्या गल्लीत पाणी किती दिवसांनी यायचं?” त्या वर्षी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं होतं.

ती हसली. म्हणाली, “सर, आमच्या गल्लीची वही माझ्याकडं होती.” टँकर आला की भांडणं व्हायची. कुणी दोन घागरी जास्त नेल्या, कुणाची रांग कुणी मोडली. बायकांनी ठरवलं, लेकराकडे लिहायला द्या, लेकरू खोटं लिहिणार नाही. मग ही तिसरीतली पोर गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर टँकरची वेळ, घराचं नाव आणि घागरी लिहू लागली. आठ दिवसांत तिला कळलं की ज्या घरात माणसं जास्त तिथंही घागरी तेवढ्याच, आणि तिने आपल्या आपण माणसांचा रकाना वाढवला. त्या दिवशी तिच्यावरच भांडण आलं. तिच्या स्वतःच्या घरात माणसं जास्त होती.

मी म्हटलं, “हेच लिही. आणि शेवटी काय शिकलीस ते लिहू नकोस.” तिला ते पटेना. क्लासमध्ये तात्पर्याला मार्क असतात. बरेच कच्चे खर्डे झाले. ‘पाणीटंचाईने मला कणखर बनवले’ हे वाक्य ती दरवेळी कुठून तरी परत आणायची आणि मी खोडायचो. माझा एकही शब्द मी त्यात घातला नाही. घातला असता तर तो ओळखू आला असता, आणि ते लबाडीचंही ठरलं असतं. निबंध लिहून देणारे लोक पैसे घेऊन मिळतात. पण मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘किती पडले’ सोडून दुसरं काही विचारत असतं, तेव्हा उत्तर भलत्यानेच द्यायचं?

एका कॉलेजने तिला प्रवेश दिला, चांगली मदतही दिली. तरी वर्षाकाठी घरचा वाटा सात-आठ लाखांवर येत होता. मी आकडेमोड मुनिमांपुढे ठेवली आणि माझं मत सांगितलं : झेपणार नाही, जमीन विकू नका. पदवीनंतरचा रस्ता याहून रुंद आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जणांना, पण ती पदव्युत्तर शिक्षणाला आणि पीएच.डी.ला. ती या घरासाठीच होती. मुलगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. नंतर तिने स्वतःच कॉलेजला नकार कळवला आणि पुण्याला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. तिचा तो निर्णय बरोबर होता की नाही हे तिचं तिलाच पुढे कळेल. आकडे मात्र खरे होते.

मुनीम उरलेली फी द्यायला आले तेव्हा मी म्हणालो, “राहू द्या, पोरगी गेली तर नाहीच.” ते म्हणाले, “सर, माझी हयात आडतीत गेली. आडत ज्याच्याकडून मिळते, माणूस त्याचाच असतो. तुम्ही आमच्याकडून घेतली म्हणून तर ‘नको’ म्हणालात.” त्यांनी पावती मागितली आणि खिशात घडी करून ठेवली. धाकटा मुलगा नववीत आहे, त्याला कधी घेऊन येऊ, असं विचारलं. “आताच आणा,” मी म्हणालो. “निकालाची वाट बघू नका.”