कातडी बेतताना

मिरजेच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टाक्याच्या दोऱ्याचं पाकीट फोडलं की आतला चांदीसारखा कागद सिस्टर टाकत नाहीत, डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवतात. टेबलावर रसवंतीच्या चरकात सापडलेला हात आहे. पंजाच्या पाठीवर कातडी नाही, कंडरा उघड्या. डॉक्टर कागद जखमेवर दाबून कडेनं कातरतात. शिंपी याला बेतणं म्हणतो. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात डॉक्टरांनी असे किती हात बेतले, याची मोजदाद नाही.

पण कापड कापलं तरी तेवढंच राहतं. कातडी सुटी होताच आक्रसते आणि मागची जखम फाकते. म्हणून भाजल्यानंतर आखडलेली मान असेल तर आधी व्रण सोडवायचा, मान मागे न्यायची आणि मगच माप घ्यायचं.

हातासाठी कातडी जांघेतून येते, एका देठानं तिथंच जोडलेली; हिलाच फ्लॅप म्हणतात. १९७२ साली ग्लासगोच्या मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी हा फ्लॅप मांडला. मांडीच्या मोठ्या रोहिणीतून एक बारीक फांदी कमरेच्या हाडाकडे जाते, तिच्यावर तो जगतो. आखणी मात्र उलटी. साचा हातावर ठेवून हात जांघेशी आणायचा, आणि तिथून मागे येत येत कातडीवर रेघ मारायची. देठाला पीळ पडला की लांबी खाल्ली जाते, तीही आधीच धरायची.

सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टरांनी एकदा ती धरली नाही. फ्लॅप बोटभर आखूड पडला, ताणून शिवला. दुसऱ्या दिवशी टोक निळं, मग काळं. तेव्हापासून ते साचा दोनदा फिरवून बघतात. भूल देणारे वैतागतात, वैतागोत.

ही विद्या इथल्या मातीला नवी नाही. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात कापला गेलेला कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान. पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवला, सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली. भुवयांमध्ये कातडीची एक पट्टी मुद्दाम जोडलेली ठेवली. टाके नाहीत, काथ लावलेल्या पट्ट्या. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'नं हे चित्रासह छापलं. ते वाचून जोसेफ कार्प्यूनं १८१४ साली तिकडे पहिलं नाक केलं.

चरकातला हात आता जांघेला शिवलेला आहे. तीन आठवड्यांनी देठ कापतील. कावसजीचा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापला होता.