डिप्लोमॅटिक

ऑफिसमध्ये कुणी 'तू फार डिप्लोमॅटिक आहेस हं' म्हणालं की ती स्तुती नसते. गोलगोल बोलतोस, बाजू घेत नाहीस, असं त्यांना म्हणायचं असतं. मला हे दोन अप्रेझलमध्ये ऐकवलं गेलंय.

मूळ ग्रीक 'डिप्लोमा' म्हणजे दुमडलेलं काहीतरी. पुढे दुमडलेलं सरकारी पत्र, त्यावरून राज्याराज्यांतली कागदपत्रं, आणि फ्रेंचांनी ती हाताळणाऱ्यालाच हे नाव दिलं. म्हणजे पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेला माझा चुलतभाऊ आणि पॅरिसमधला राजदूत शब्दाने सख्खे!

आपला 'मुत्सद्दी'ही मूळचा कागदांतलाच. फारसीत तो कारकून, कारभारी. मुघलांच्या सुरत बंदराचा मुख्य अधिकारी मुत्सद्दी म्हणवला जाई. मराठीत त्याला धूर्तपणा चिकटला. दुसऱ्या दरबारात जाऊन बोलणाऱ्याला मात्र वकील म्हणत. 1659 मध्ये अफझलखानाकडून कृष्णाजी भास्कर आले, शिवाजी महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले, ते वकील म्हणूनच. काळा कोट पुढे इंग्रजी कोर्टांनी चढवला.

दूताच्या जिवाला हात लावायचा नाही, हे 1961 च्या व्हिएन्ना करारात कलम म्हणून आलं. पण रावणाला बिभीषणाने तेच सांगितलं होतं, म्हणून तर हनुमानाचं शेपटीवर निभावलं.

या सगळ्यात मला आठवते आत्या. विहिरीच्या पाण्यावरून बाबा आणि काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आत्या दोन्ही घरी जायची. काका म्हणायचे, "मर म्हणावं त्याला, तीन दिवसांच्या वर पंप देणार नाही." आमच्या ओट्यावर टेकून आत्या सांगायची, "तो तीन दिवस म्हणतोय." शिव्या वाटेत सांडायच्या, आकडा कधी बदलायचा नाही. तीनाचे साडेतीन केले असते तर बाबा त्या दिवशी खूश झाले असते, आणि पुढच्या खेपेला तिच्या शब्दाला किंमत उरली नसती. गोड बोलणं आणि हे, यांत मला तरी फार फरक वाटतो.

बदल्यात तिला काय मिळालं? बाबा म्हणत, ती त्याचीच. काका म्हणत, ती ह्याचीच. दिवाळीची भाऊबीज ती दोन घरी दोनदा करायची.

शेवटी ठरलं: सोमवार ते बुधवार आमचा पंप, गुरुवार ते शनिवार काकांचा. रविवारचं अजून चाललंय.