मिरजेहून आणलेला आवाज

आमच्या घरी लाकडी कपाटाच्या खालच्या खणात नव्वद मिनिटांची एक कॅसेट जपून ठेवलेली आहे. तिच्यावर निळ्या शाईने ‘मिरज, 1989’ एवढेच लिहिले आहे. गायकाचे नाव लिहावयाचे तेव्हा राहून गेले, आणि पुढे ते लिहावेसे आम्हांस वाटले नाही. या कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या शेवटाशी गाणे तुटते व दुसऱ्या बाजूस ते भलत्याच ठिकाणी सुरू होते. मधली सुमारे दहा मिनिटे तीत नाहीत. त्या दहा मिनिटांविषयीच आज लिहावयाचे आहे.

आमचे बिद्री हे गाव कोल्हापूरहून गारगोटीस जाणाऱ्या रस्त्यावर, कागल तालुक्यात. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव जिल्हाभर ठाऊक आहे. हंगामात रस्त्याच्या कडेने उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, आणि मळीचा वास घरातल्या अंथरुणा-पांघरुणांत जाऊन बसतो. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, शेतकरी होते व एकादशीच्या भजनात पेटीपुढे बसून गात. शास्त्र ते कोणापाशी शिकले नव्हते. त्यांची शाळा म्हणजे मिरजेचा उरूस. 1949 साली ते प्रथम मिरजेस गेले आणि त्यानंतर बहुतेक दर वर्षी जात राहिले. गावातून मिळेल त्या वाहनाने कोल्हापूर, तेथून आगगाडीने रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी स्थानके मागे टाकीत मिरज. सोबत फडक्यात बांधलेल्या भाकरी, लसणीची चटणी आणि एक घोंगडे.

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी गाण्याच्या सभा होतात, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य होते. ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासकडील प्रवासात, एका लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचा अंत झाला. त्यांना मिरजेस आणून याच दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. या दर्ग्याच्या चिंचेखाली ते स्वतः गात असत. त्यांच्यामागे त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा थोरांनी येथे येऊन गाणे केले. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. गाणाऱ्याने हजेरी लावावयाची आणि ऐकणाऱ्याने जागा मिळेल तेथे बसावयाचे. उरसातील पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. गाणारा कोणाचा व ऐकणारा कोणाचा, असा प्रश्न त्या अंगणात आम्ही कोणाच्याही तोंडून ऐकला नाही.

1988 च्या पावसाळ्यात आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही अडखळू लागली. पुढच्या वर्षी उरूस मार्चच्या सुरुवातीस आला. (हिजरी पंचांगामुळे तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आबांनी तो सर्व ऋतूंत पाहिला होता.) त्यांना नेणे शक्य नव्हते. आम्ही तेव्हा कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. हंगामाची अखेर जवळ आली होती, तरी दोन दिवसांची रजा मिळाली. एका सोबत्याचा टू-इन-वन मागून आणला, सहा सेल घातले, कोरी कॅसेट घेतली, आणि आबांना म्हणालो, “तुम्ही येऊ शकत नाही, तर मिरज इथं घेऊन येतो.”

आबा बराच वेळ त्या यंत्राकडे पाहत राहिले. मग एकेक शब्द जुळवीत म्हणाले, “ने. पर कान बी संगं ने. निस्ती पेटी नगं.”

आम्ही हसलो. त्या हसण्याचा पुढे फार पश्चात्ताप झाला.

त्या रात्री दर्ग्याचे अंगण भरून गेले होते. आमच्या डावीकडे सांगलीकडचे एक हळदीचे अडते मांडी घालून बसले होते. उजवीकडे, आपल्या हाताने तंबोऱ्याला जवारी लावणारे एक वृद्ध कारागीर होते. मिरजेत सतारी-तंबोरे करण्याची विद्या एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. 2024 साली येथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हांस प्रथम त्या वृद्धांचीच आठवण झाली. मंचावर तंबोरे जुळत असताना ते डोळे मिटून मान हलवीत आणि स्वर मिळाला की गाणाऱ्याच्या आधी “हं” म्हणत.

ज्यांना अशा सभेची सवय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. छापील पुस्तकातील कविता दर वेळी तीच असते. ख्याल तसा नसतो. बंदिशीच्या दोन ओळी ठरलेल्या, राग ठरलेला, ताल ठरलेला. बाकी सर्व त्या घटकेस, त्या माणसांसमोर जन्मास येते. किराणा घराण्यात तर एकेक स्वर इतक्या सावकाश उलगडतात की ऐकणाऱ्याने घाई केली तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. समेवर सर्वांच्या माना एकदम खाली येतात. त्या वेळी पुढच्या रांगेतून उठलेली दाद गाणाऱ्यास नवी वाट दाखविते. म्हणजे गाण्याचा काही भाग ऐकणाराही रचीत असतो. तोच श्रोता यंत्राकडे पाहत बसला, तर तेवढा भाग रचावयाचा राहतो.

आम्ही यंत्राकडेच पाहत होतो. पूर्वरात्रीची गाणी सरली, मालकंस झाला, दरबारी झाला. फीत एकच असल्यामुळे आम्ही ती राखून ठेवली होती. पहाटेचे गाणे आबांना सर्वांत प्रिय. उत्तररात्री चिंचेमागून चंद्राची बारीक कोर वर आली, आणि एक वयस्क गायक मंचावर येऊन बसले. ललत सुरू झाला. आम्ही ध्वनिक्षेपकाच्या रोखाने टू-इन-वन धरला आणि कळ दाबली.

ललतात पंचम नाही. दोन मध्यम आहेत, आणि ते एकमेकांस लागून येतात. त्या दोन मध्यमांच्या उंबरठ्यावर गायक कितीतरी वेळ रेंगाळले. पुढे जाणार असे वाटावे आणि त्यांनी मागे फिरावे. अंगणात कोणी खोकतही नव्हते. आम्ही मात्र घड्याळात मिनिटे मोजीत होतो. चाळीस झाली, बेचाळीस झाली. आता ते षड्जाकडे निघाले हे आम्हांसही कळले, आणि त्याच वेळी यंत्रातून करकर असा आवाज आला. फीत आतल्या रुळाभोवती गुंडाळली गेली होती.

पुढची दहा मिनिटे आम्ही मान खाली घालून बसलो होतो. खिशातली पेन्सिल कॅसेटच्या चाकात घालून फीत सोडवीत होतो, अंगठ्याने तिच्या चुण्या सपाट करीत होतो. त्या दहा मिनिटांत केव्हातरी सगळ्या अंगणातून एकच उद्गार निघाला. दाद म्हणावी तर ती तशी नव्हती, कोणी झोपेतून दचकून जागे व्हावे तसा तो आवाज होता. आम्ही वर पाहिले तेव्हा शेजारच्या कारागिरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. अडते आमच्याकडे वळून म्हणाले, “ऐकलंत?” आम्ही मान डोलावली. ते खोटे होते.

दुसरी बाजू लावून पुन्हा कळ दाबली, तोवर द्रुत सुरू झाले होते.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. घरी पोहोचलो तो आबा उशीला टेकून वाटच पाहत होते. आईने चहा ठेवला, आणि आम्ही कॅसेट लावली. पंचेचाळीस मिनिटे ते हलले नाहीत. फक्त डाव्या हाताची बोटे पांघरुणावर ठेका धरीत होती. मग करकर झाली आणि शांतता पसरली.

“फुडं?” आबा म्हणाले.

आम्ही फीत अडकल्याचे सांगितले.

“ते ऱ्हाऊ दे. तू हुतास न्हवं? तू सांग, फुडं काय झालं?”

काय सांगणार! आम्ही षड्ज कसा लागला ते आपल्या मनाने गाऊन दाखविण्याचा प्रयत्न केला. आबांनी दोन क्षण ऐकून घेतले आणि डावा हात वर केला. “हे त्येंचं न्हवं,” ते म्हणाले, “आनि तुजं बी न्हवं.” ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. आम्ही खाली पाहत राहिलो आणि मग सर्व खरे सांगून टाकले. पेन्सिल, चुण्या, अडत्यापुढे डोलावलेली मान, सर्व.

आबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कॅसेट परत मागे न्यावयास सांगितली. ती त्या तुटलेल्या जागी आली, यंत्र बंद झाले, आणि तेथून पुढे आबा गाऊ लागले. बोलताना अडखळणारी त्यांची जीभ स्वर लावताना अडखळत नव्हती. पुढे डॉक्टरांनी आम्हांस समजाविले की बोलणे आणि गाणे यांचे मेंदूतील मार्ग पूर्णपणे एक नसतात, वाचा गेलेल्या रुग्णास गाता येते असे पुष्कळदा आढळते. त्या दिवशी आम्हांस यातले काहीच ठाऊक नव्हते. आई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. आवाज घोगरा होता, दम पुरत नव्हता. दोन मध्यमांवरून निघून ते षड्जापर्यंत पोहोचले, तेथे जेमतेम टेकले आणि थांबले. मग म्हणाले, “असं झालं आसंल. न्हाईतर आनि येगळं.”

त्यानंतर दीड-दोन वर्षे, आठवड्यातून एकदा तरी, ती कॅसेट घरात लागे. तुटलेल्या जागी ती थांबविण्याचे काम आमच्याकडे असे. ती जागा आबा भरीत, आणि दर वेळी निराळी भरीत. एकदा षड्जास न जाता निषादावरूनच परतले आणि लहान मुलासारखे हसले. थोरले बंधू कधी सुटीस आले की मांडीवर ठेका धरीत. ते गाणे टिपून ठेवावे असे आमच्या मनात अनेकदा आले, यंत्र तर समोरच होते. पण ती कळ दाबण्यास हात धजावला नाही. 1991 च्या श्रावणात आबा गेले. त्यांचा आवाज आमच्यापाशी कोठेही नाही. हे योग्य केले की चुकलो, याचा निवाडा आम्हांस अजून करता आलेला नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून आम्ही थकलो आहो.

अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा एक वाद्यवृंद 1965 ते 1995 अशी तीस वर्षे होता, असे आमच्या पुतण्याने एकदा सांगितले. तेच गीत ते दर मैफलीत निराळ्या वाटेने वाढवीत. त्यांचे चाहते गावोगाव त्यांच्यामागे जात, मोकळ्या मैदानात तंबू ठोकून राहत आणि गाणे टिपून घेत. 1984 साली तर त्या वृंदाने टेप लावणाऱ्यांसाठी प्रेक्षकांत वेगळी जागाच ठेवली. टिपलेल्या फिती विकावयाच्या नाहीत, एकमेकांत वाटावयाच्या, हा त्यांचा दंडक. ऐकून आम्हांस मौज वाटली. आबांसारखी माणसे तेथेही घोंगडी घेऊन निघत होती तर! पण त्या वेगळ्या जागेत बसलेल्यांपैकी किती जण आमच्यासारखे पेन्सिल फिरवीत बसले असतील, हा विचारही मनात आल्यावाचून राहिला नाही.

आता रात्रभराच्या मैफलींचा काळ मागे पडला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर मोकळ्या जागी ध्वनिक्षेपकास बंदी आली. काही मोजक्या दिवशी विशेष परवानगीने ती मर्यादा बारापर्यंत वाढते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रीही अशाच आटोपल्या. नियमामागील कारण आम्हांस मान्य आहे. आजारी माणूस घरात असला म्हणजे ते चांगलेच पटते. परंतु पहाटेचा राग पहाटे ऐकण्याची सोय त्यामुळे फारशी उरली नाही, हेही खरेच.

तोच पुतण्या 2016 साली गणपतीस आला असता ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतो म्हणाला. फीत जुनी झाली होती, काही ठिकाणी आवाज बुजला होता. दोन दिवस खपून त्याने ती स्वच्छ केली आणि आम्हांस ऐकविली. ललत अखंड वाजला. करकर नव्हती, शांतता नव्हती. मध्यमावरून गाणे अलगद द्रुतात गेले होते.

“जोड कळतो का, काका?” त्याने कौतुकाने विचारले.

आम्ही म्हणालो, “कळत नाही. पण ती मोकळी जागा होती तशी ठेव.”

“किती सेकंद ठेवू?”

“दहा मिनिटं.”

त्याने आमच्याकडे पाहिले. आई तेव्हा होती. ती भिंतीशी वाती वळीत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “ठेव रं बाळा, सांगत्यात तसं.”

त्याने तसे केले. आता ते गाणे लावले की पंचेचाळीस मिनिटांनंतर घर शांत होते. हंगाम चालू असला तर त्या वेळात रस्त्यावरून ऊस भरलेल्या गाड्या जाताना ऐकू येतात, एखादे वेळी कारखान्याचा भोंगा होतो. मग द्रुत सुरू होते.