पुरःस्थ

ग्रीक भाषेत ‘प्रोस्टाटेस’ म्हणजे पुढे उभा राहणारा, रक्षक. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या एका लहान ग्रंथीस हे नाव मिळाले आणि आपल्या परिभाषाकारांनी ‘पुरःस्थ’ हा त्याचा नेमका प्रतिशब्द घडविला. मराठी-हिंदीत रूढ झालेले दुसरे नाव ‘पौरुषग्रंथी’. पहिले नाव जागा सांगते, दुसरे प्रतिष्ठा. प्रतिष्ठेच्या जागी रोग झाला की माणूस तो बोलून दाखवीत नाही.

या कर्करोगाचा धोका गोळीने टळावा, ही आशा जुनी आहे. २००१ साली अमेरिका व कॅनडा येथे ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर सेलेनियम आणि ‘ई’ जीवनसत्त्व यांची चाचणी सुरू झाली. लाभ दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबविण्यात आल्या. आणि २०११ च्या निष्कर्षांत नुसते ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा रोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. फिनास्टेराइड या औषधाने रोगाचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्याचे २००३ मध्ये दिसले; परंतु २०१३ मध्ये दीर्घकाळाचा हिशेब मांडला गेला तेव्हा आयुर्मानात फरक आढळला नाही. धूम्रपान सोडणे, वजन आटोक्यात ठेवणे, नित्य चालणे हा उपदेश हिताचाच. मात्र तो कवच नव्हे.

वय आणि वंश यांपुढे इलाज नाही. पित्यास वा सख्ख्या भावास हा रोग झाला असेल तर धोका दुपटीहून अधिक होतो. अशा पुरुषाने तपासणीचा विचार वैद्याशी बोलून इतरांपेक्षा काही वर्षे आधीच करावयाचा असतो. कारण प्रारंभी हा रोग बहुधा कोणतीच खूण देत नाही.

पण त्यासाठी पित्याचा रोग पुत्रास ठाऊक हवा. आपल्या घरांत गोत्र सांगतात, कुलदैवत सांगतात, शेताची हद्द दाखवितात. वडिलांच्या दुखण्याविषयी मात्र ‘लघवीचा त्रास होता’ एवढेच कानी येते. पत्नीस अर्धे ठाऊक असते, मुलास तेही नाही. धोका गोळीने पुसता येत नाही, पण वेळीच ओळखता येतो. पन्नाशीकडे झुकलेल्या मुलास जवळ बसवून वृद्ध पित्याने त्या रोगाचे नाव एकदा स्पष्ट उच्चारावे. पुढे उभे राहून रक्षण करणे, हा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ तेवढ्याने तरी त्याच्या हातून पाळला जाईल.